५२५ पटींचं कोडं

मुलांनो, दुर्बिणीच्या खोक्यावर काय काय छापलेलं असतं, कधी नीट वाचलंय? कड्यांसकट शनी, लालभडक तेजोमेघ, निळी-जांभळी दीर्घिका आणि कोपऱ्यात एका पिवळ्या चांदणीत ठळक आकडा : ‘५२५ पट!’ कुणाच्या वाढदिवसाला, कुणाला चांगले गुण मिळाले म्हणून अशी दुर्बीण घरी येते. संध्याकाळी अख्खं घर गच्चीवर जमतं. आजोबासुद्धा जिना चढून येतात. आपण सगळ्यांत ‘पॉवरफुल’ भिंग लावतो, नळी शनीकडे वळवतो आणि डोळा लावतो. दिसतं काय? एक थरथरणारा, अंधूक, राखाडी डाग. तोही क्षणात पळून जातो!

चार रात्री असंच होतं. मग दुर्बीण माळ्यावर जाते आणि घरात एक वाक्य ऐकू येतं, “अरे, एवढे पैसे घातले, पण तुला नीट बघताच येत नाही!”

खरं सांगू? तुम्हाला बघता येतं. घोटाळा त्या ५२५ च्या आकड्यात आहे. तो कसा, हे तिसरी-चौथीच्या गणितातूनच कळतं. आज आपण तेच सोडवू या. सोडवता सोडवता दुर्बिणीला कोणता आयपीस घ्यावा, हेही समजून जाईल.

दोन भिंगांची भागीदारी

दुर्बिणीत दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. एक पुढचं मोठं भिंग, किंवा काही दुर्बिणींत त्याऐवजी आत मोठा आरसा. दुसरी गोष्ट म्हणजे आपण डोळा लावतो तिथली छोटी नळी. तिला पुस्तकात ‘नेत्रिका’ म्हणतात. दुकानात मात्र ‘आयपीस’ म्हणा, पटकन कळेल!

मोठं भिंग काय करतं, ते घरीच बघा. दुपारी खिडकीसमोरच्या भिंतीजवळ एक साधं हातभिंग धरा. हळूहळू मागे-पुढे करा. एका ठिकाणी भिंतीवर बाहेरचं झाड आणि समोरची इमारत उमटेल, छोटीशी आणि उलटी! भिंग आणि भिंत यांच्यातलं ते अंतर म्हणजे भिंगाचं ‘नाभीय अंतर’. दुर्बिणीचं मोठं भिंग असंच चंद्राचं छोटं चित्र नळीत तयार करतं. आयपीस म्हणजे ते चित्र जवळून बघायचं भिंग. आजोबा पेपरातली बारीक अक्षरं भिंगातून वाचतात ना, अगदी तसंच.

म्हणजे चित्र तयार करणारा एक आणि दाखवणारा दुसरा. म्हणूनच एकाच दुर्बिणीला वेगवेगळे आयपीस लावता येतात. दुर्बीण तीच राहते, पण आयपीस बदलला की दिसणं बदलतं.

एक सोपा भागाकार

दुर्बिणीच्या नळीवर बारीक अक्षरांत दोन आकडे असतात. समजा, ७० मिमी आणि ७०० मिमी. पहिला आकडा पुढच्या भिंगाची रुंदी, दुसरा त्याचं नाभीय अंतर. आयपीसवरही त्याचं नाभीय अंतर लिहिलेलं असतं : २५ मिमी, १० मिमी, ४ मिमी वगैरे. आता भागाकार करा.

दुर्बिणीचं नाभीय अंतर ÷ आयपीसचं नाभीय अंतर = किती पट मोठं दिसेल.

२५ मिमीचा आयपीस लावला, तर ७०० ÷ २५ = २८ पट. १० मिमीचा लावला, तर ७० पट. गंमत बघा, आयपीसवरचा आकडा जितका लहान, तितकं चित्र मोठं! नवीन मंडळींचा पहिला गोंधळ इथेच होतो. वहीत लिहूनच ठेवा : मोठा आकडा, छोटं चित्र, छोटा आकडा, मोठं चित्र.

आता खोक्यावरचं कोडं घेऊ. अशा दुर्बिणीचं भिंग बहुतेक वेळा ६० मिमीचं आणि नाभीय अंतर ७०० मिमी असतं. सोबत ४ मिमीचा आयपीस आणि ‘३ पट’ असं लिहिलेलं एक बार्लो भिंग. (हे भिंग आयपीसच्या आधी बसवतात आणि ते चित्र आणखी मोठं करतं.) करा हिशेब : ७०० ÷ ४ = १७५. १७५ × ३ = ५२५!

अरेच्चा, गणित तर बरोबर आलं! मग चुकलं कुठे?

चमचाभर तूप

आईने एका फुलक्याला चमचाभर तूप लावलं, तर फुलका कसा छान मऊ होतो. तेच चमचाभर तूप ताटाएवढ्या थालीपिठावर पसरलं तर? नुसता वास येईल!

प्रकाशाचंही तसंच आहे. ६० मिमीच्या भिंगातून जेवढा प्रकाश आत येतो, तेवढाच आपल्या वाट्याला. चित्र दुप्पट रुंद केलं की ते दुप्पट उंचही होतं. म्हणजे तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि चित्र चौपट अंधुकतं. ५२५ पटींत तुपाचा नुसता वास उरतो.

दुसरी अडचण बारकाव्यांची. पेपरातला फोटो भिंगाखाली धरला की चेहऱ्याऐवजी ठिपके दिसू लागतात. फोटोत जे नाहीच, ते भिंग कुठून आणणार? दुर्बिणीचं भिंग किती बारकावे टिपू शकेल, हे त्याच्या रुंदीवर ठरतं. आयपीस कितीही जोरदार लावा, पुढच्या भिंगाने जे टिपलेलं नाही ते दिसायचं नाही. एक ढोबळ नियम असा : भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही.

६० मिमीच्या दुर्बिणीला १२० पट.
७० मिमीच्या दुर्बिणीला १४० पट.
११४ मिमीचा आरसा असेल, तर सुमारे २२८ पट.

हीसुद्धा चांगल्या रात्रीची हद्द. एरवी हवा आडवी येते. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर समोरचं दृश्य कसं लवलवतं, पाहिलंय ना? रात्री गच्चीचा स्लॅब दिवसभराची उष्णता सोडत असतो, तेव्हा दुर्बिणीतला ग्रह तस्साच लवलवतो. चित्र जितकं मोठं, तितका थरथराटही मोठा. म्हणून शक्य असेल तर अंगणात, मातीवर किंवा गवतावर दुर्बीण लावा. आणि बाहेर नेल्यावर अर्धा तास तिला हवेशी जुळवून घेऊ द्या.

चांदणी पळते कुठे?

आता तो पळून जाणारा शनी. तो पळत नाही, आपण फिरतोय! पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश चार मिनिटांत एक अंश सरकताना दिसतं. २८ पटींच्या साध्या आयपीसमधून आकाशाचा पावणेदोन-दोन अंशांचा तुकडा दिसतो. म्हणजे तीन चंद्र शेजारी शेजारी सहज मावतील. मध्यावरून गेलेला तारा सुमारे सात मिनिटं दिसत राहतो. घरातल्या चारही माणसांचा नंबर लागतो!

१४० पट केलं, की दिसणारा तुकडा पाचपट लहान होतो. चंद्रसुद्धा पुरता मावत नाही आणि तारा दीड मिनिटाच्या आत पार. ताईला हाक मारून ती येईपर्यंत शनी गायब! शिवाय दुर्बिणीला नुसता धक्का लागला, तरी चित्र नाचतं.

म्हणून नेहमीचा क्रम लक्षात ठेवा. आधी मोठ्या आकड्याचा आयपीस लावायचा, वस्तू शोधायची, बरोबर मध्ये आणायची आणि मगच लहान आकड्याचा लावायचा. पत्ता शोधताना आपण आधी गाव शोधतो, मग गल्ली, मग घर. तसंच हे.

मग घ्यायचे कोणते?

समजा तुमची दुर्बीण ७० आणि ७०० मिमीची आहे.

पहिला आयपीस २५ मिमीचा, २८ पट. हा तुमचा सगळ्यात जवळचा मित्र! पूर्ण चंद्र, गुरूचे चार मोठे चंद्र, कृत्तिकांचा झुबका, मृगातला तेजोमेघ, देवयानीतली दीर्घिका, सगळं याच्यातून बघायचं. पसरट आणि फिकट गोष्टींना मोठं करण्यापेक्षा उजळ ठेवणं महत्त्वाचं.

दुसरा १० मिमीचा, ७० पट. चंद्रावरची विवरं, गुरूवरचे पट्टे आणि शनीची कडी याच्यातून. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा ४० पटींतच तो, नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो, तेवढा मोठा होतो. पटत नाही ना? अंधारात एकटा असला की तो लहानच वाटतो. म्हणून घाई न करता पाच मिनिटं टक लावून बघा. आधी नुसता गोळा दिसेल, मग एक पट्टा, मग दुसरा. डोळ्यालाही शिकावं लागतं.

तिसरं, २ पटींचं बार्लो भिंग. हे नाव पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञावरून पडलं. १८३० च्या दशकात हे भिंग पुढे आलं. २५ चा आयपीस त्याच्यासोबत ५६ पट दाखवतो आणि १० चा १४० पट. म्हणजे दोन आयपीस आणि एक बार्लो मिळून २८, ५६, ७०, १४० अशा चार पायऱ्या झाल्या. १४० ही या दुर्बिणीची हद्द. ती पायरी शांत, स्थिर हवेच्या रात्रीसाठी राखून ठेवा.

आता एक प्रश्न तुम्हाला. २५ चा आयपीस आणि २ पटींचं बार्लो घरात असताना १२.५ मिमीचा आयपीस विकत घ्यावा का? करा बरं भागाकार! ७०० ÷ १२.५ = ५६. ते तर आपल्याकडे आहेच! म्हणून काहीही घेण्याआधी वहीत पायऱ्या मांडा. एकाच पायरीसाठी दोनदा पैसे नकोत.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे हिरमोड होणार नाही. तारे इतके दूर आहेत, की २८ पटींतही तारा ठिपका आणि १४० पटींतही ठिपकाच. मग दुर्बिणीचा फायदा काय? जिथे डोळ्याला सहा-सात कृत्तिका दिसतात, तिथे डझनावारी ठिपके दिसतील. आणि हंस नक्षत्रातला अल्बिरिओ हा डोळ्याला एकच वाटणारा तारा २८ पटींत दोन होतो, एक सोनेरी आणि एक निळसर!

आयपीसचं आडनाव

सगळे १० मिमीचे आयपीस सारखे नसतात. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं असतात. ‘एच’ म्हणजे हायगेन्स. हा डच शास्त्रज्ञ १६५५ मध्ये शनीचा टायटन हा चंद्र शोधणारा. त्याने पुढे दोन भिंगांचा आयपीस बनवला. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही रचना हुशारीची खरी, पण तिच्यातून आकाशाचा तुकडा लहान दिसतो आणि आखूड नळीच्या दुर्बिणीला ती चांगली लागू पडत नाही. स्वस्त खोक्यांत बहुधा हीच सापडते. ‘के’ म्हणजे केलनर, १८४९ मधली रचना, तीन भिंगांची. ही बरी. ‘प्लॉसल’ किंवा ‘पीएल’ लिहिलेला आयपीस चार भिंगांचा. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमॉन प्लॉसल यांनी १८६० मध्ये तो तयार केला. चित्र कडेपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट, तुकडा सुमारे ५० अंशांचा आणि किंमतही आवाक्यातली. सुरुवातीला प्लॉसल घेतला की निश्चिंत.

चष्मा असेल तर?

साधा दूरचा किंवा जवळचा नंबर असेल, तर चष्मा काढून ठेवा आणि दुर्बिणीची फोकसची चाकी फिरवून चित्र स्पष्ट करा. नंबर दुर्बीणच भरून काढते! मात्र चष्म्यात ‘सिलिंडर’चा नंबर जास्त असेल, तर तो चष्मा घालूनच बघावं लागतं. मग डोळा भिंगापासून दीड-दोन सेंटिमीटर लांब राहतो. २५ मिमीच्या प्लॉसलमध्ये तेवढं चालतं. ४ मिमीच्या प्लॉसलमध्ये मात्र डोळा जवळजवळ चिकटवावा लागतो, पापण्यांचे केस भिंगाला लागतात. लहान मुलं तर वैतागून जातात. १० मिमीचा आयपीस बार्लोबरोबर वापरणं त्यापेक्षा सुखाचं.

आईबाबांसाठी

दुर्बीण आता घरबसल्या मागवता येते. पण मागवण्यापूर्वी ‘किती पट’ हा आकडा सोडून द्या आणि दोनच गोष्टी बघा : भिंगाची किंवा आरशाची रुंदी आणि तिवईचा भक्कमपणा. तिसरी गोष्ट आयपीसच्या नळीची जाडी. ती सव्वा इंच असेल, तर पुढे कोणताही चांगला आयपीस बसतो. काही जुन्या आणि स्वस्त दुर्बिणींना जेमतेम एक इंचाची बारीक नळी असते. तिला बसणारे चांगले आयपीस मिळणं कठीण.

सात-आठ आयपीसच्या चकचकीत पेटीचा मोह नको. दोन चांगले आयपीस पुष्कळ झाले. आणि जमलं तर घेण्याआधी प्रत्यक्ष डोळा लावून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला मुलांना घेऊन जा. तिथली ताई-दादा मंडळी हौसेने आपापले आयपीस दाखवतात. माळ्यावर दुर्बीण पडून असेल, तर तीही सोबत न्या. पुष्कळदा ती अगदी ठणठणीत असते, फक्त तिला योग्य आयपीस मिळालेला नसतो.

हे मात्र कधीही नाही!

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. भिंगाने कागद जळतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्या जागी डोळा असेल तर? डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे दुखत नाही, पण दृष्टी कायमची जाऊ शकते. काही दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये बसवायची एक गडद, काळपट काच येते. तिच्यावर ‘सन’ असं लिहिलेलं असतं. उष्णता नेमकी तिथेच एकवटते आणि ती काच तडकू शकते. आईबाबांनो, अशी काच सापडली तर आजच्या आज फेकून द्या. सूर्य बघायचा, तर नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा खास सौर फिल्टर हवा आणि शेजारी जाणकार मोठं माणूस हवं.

पावसाळ्यातली काळजी

आपल्याकडे आयपीसचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. कोकणात, मुंबईत, गोव्यात तर विचारूच नका. भिंगांवर जाळ्यासारखी बुरशी चढते आणि एकदा चढली की सहसा जात नाही. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यांत ‘सिलिका जेल’च्या पुड्या मिळतात, त्यातल्या दोन आत टाका. बाहेरून आणल्यावर भिंगावर दव असेल, तर ते वाळल्यावरच झाकण लावा. आणि शर्टाच्या टोकाने पुसणं बंद! धूळ रबरी फुग्याच्या फुंकणीने उडवायची. बोट काचेला लावायचं नाही.

करून पाहा : खोक्यावरचा आकडा तपासा

दिवसा, सूर्याकडे पाठ करून, दुर्बीण दूरच्या उजळ भिंतीकडे वळवा. २५ चा आयपीस लावा. आता डोळा लावू नका. एक हात मागे उभं राहून आयपीसकडे बघा. काचेच्या मध्ये एक छोटीशी प्रकाशाची टिकली तरंगताना दिसेल. पट्टीने तिची रुंदी मोजा. पुढच्या भिंगाच्या रुंदीला या रुंदीने भागा. ७० मिमीच्या दुर्बिणीत टिकली अडीच मिमीची भरेल आणि ७० ÷ २.५ = २८! भागाकाराने आलेलं उत्तर दुर्बीण स्वतःच सांगते. मग आयपीस बदला आणि टिकली कशी बारीक होते, ते बघा. दुर्बिणीतून येणारा सगळा प्रकाश त्या टिकलीतूनच डोळ्यात शिरतो.

आता शेवटचं गणित. ७ जानेवारी १६१० च्या रात्री गॅलिलिओने गुरूजवळ तीन ठिपके पाहिले. आठवडाभरात चौथा सापडला. ते गुरूभोवती फिरत होते. आकाशातलं सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं, या समजुतीला त्याने धक्का बसला. त्याची दुर्बीण किती पटींची होती? साधारण २० पटींची! तुमचा २५ मिमीचा आयपीस त्यापेक्षा जास्त दाखवतो.

तेव्हा येत्या शुद्ध अष्टमीला संध्याकाळी अंगणात दुर्बीण लावा. पौर्णिमेला नको. त्या दिवशी चंद्रावर सावल्याच नसतात आणि सगळं सपाट दिसतं. २५ चा आयपीस लावा आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर नजर फिरवा. मग १० चा लावून तिथली विवरं मोजा. शनी दिसत असेल, तर त्यालाही भेटून या. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती. ती आता हळूहळू उघडत जातील आणि २०३२ च्या सुमाराला सर्वांत रुंद दिसतील. दर वर्षी एक चित्र काढून तारीख घाला. कोणता आयपीस होता आणि किती पट, तेही लिहा. तोपर्यंत तुम्ही कॉलेजात गेलेले असाल आणि वहीत शनी उमलत गेलेला असेल!